उजेडाच्या पेटीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या लोखंडी कपाटाशेजारी, जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेला ओव्हरहेड प्रोजेक्टर बहुतेक भगिनींनी पाहिला असेल. एका शाळेने नवी यंत्रे घेतली, तेव्हा तो आपल्याकडे आला. साक्षरता वर्गात आणि भरतकामाच्या वर्गात त्याने काही वर्षे चांगली सेवा केली. पुढे एके दिवशी तो पेटेनासा झाला. मागील वर्षी कार्यकारिणीच्या सभेत तो भंगारात द्यावा असा विषय निघाला, तो तहकूब झाला, आणि माझी नोकरी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत झालेली असल्यामुळे तपासणीचे काम मजकडे सोपविण्यात आले. ते काम करताना या यंत्राचा पूर्वेतिहास वाचावा लागला. त्यावरून माझे असे मत झाले की, यंत्राचा कोणता भाग कोठून आला आणि कशासाठी आला हे ठाऊक असेल, तर तो भाग आज कोठे शोधावा हेही कळते. आणि ते ठाऊक नसेल, तर एखादा पंखा अडकल्यामुळे चांगली वस्तू भंगारात जाते. म्हणून हा लेख.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे जादूचा कंदील. हॉलंडमधील शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास दिवा, काचेवरील चित्र आणि भिंग यांची सांगड घालून चित्र भिंतीवर मोठे करून दाखविले. आपल्याकडेही हा कंदील आला आणि आपलासा झाला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास आपल्या मुलांच्या साहाय्याने 'शांबरिक खरोलिका' या नावाने असे खेळ सुरू केले. शांबरी म्हणजे माया, जादू. काचांवर हाताने रंगविलेली चित्रे एकामागून एक दाखवून ते रामायण-महाभारतातील कथा पडद्यावर उभ्या करीत. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याच्या आधीच आपल्या लोकांनी उजेडाने सांगितलेली गोष्ट पाहिली होती.

पण या कंदिलात शिकविण्याच्या दृष्टीने काही अडचणी होत्या. चित्राची काच उलटी घालावी लागे, खोलीत अंधार करावा लागे आणि चालविणारा बहुधा प्रेक्षकांच्या पाठीशी असे. काच आडवी ठेवून खालून प्रकाश सोडावा आणि वर तिरपा आरसा लावून तो प्रकाश भिंतीकडे वळवावा, ही कल्पना १८७० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांत रूढ होत होती. द्रवांचे तरंग किंवा लोहकणांची रचना वर्गाला दाखविण्यासाठी ती फार उपयोगी पडे, कारण पाण्याचे भांडे उभे धरून चालत नाही! तथापि लिहिण्याएवढा मोठा कागद प्रकाशित करावयाचा तर तेवढेच मोठे भिंग हवे, आणि दहा इंच रुंदीचे भरीव काचेचे भिंग जाड, वजनदार आणि महाग.

ही अडचण सोडविणारी युक्ती समुद्रकिनाऱ्यावर आधीच सापडलेली होती. फ्रान्समधील अभियंते ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी एक नवे भिंग तयार केले, आणि १८२३ साली ते कोर्दुआंच्या दीपगृहात बसविण्यात आले. प्रकाश वळतो तो भिंगाच्या पृष्ठभागापाशी. मधली जाडी केवळ ओझे असते. म्हणून फ्रेनेल यांनी ती जाडी काढून टाकली आणि वळण तेवढे पायऱ्या-पायऱ्यांनी वर्तुळाकार मांडले. आपल्या प्रोजेक्टरची वरची काच उचलून खाली जो चकचकीत, ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे बारीक वर्तुळांचा तुकडा दिसतो, तो याच भिंगाचा वंशज होय. फरक इतकाच की तो प्लॅस्टिकचा आहे, आणि त्याच्या पायऱ्या नखाला जेमतेम जाणवण्याइतक्या बारीक आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने शिक्षणासाठी या यंत्राचा मोठा वापर केला. थोड्या वेळात पुष्कळ जवानांना नकाशे आणि यंत्रांच्या आकृत्या समजावून द्यावयाच्या होत्या. युद्धानंतर तेथील बोलिंगच्या क्रीडागृहांत गुणांचा तक्ता सर्वांना दिसावा म्हणून हीच युक्ती वापरली गेली. शाळांत ते सर्रास शिरले मात्र १९६० च्या दशकात. थ्रीएम कंपनीकडे उष्णतेने प्रत काढण्याची थर्मोफॅक्स पद्धत होती आणि तिने पारदर्शक पत्र्यावरही प्रत निघे; पण ती पाहण्यासाठी स्वस्त व सुटसुटीत यंत्र हवे होते. त्या कंपनीतील रॉजर अॅपलडॉर्न यांनी प्लॅस्टिकचे बारीक पायऱ्यांचे भिंग घडवून ते शक्य केले. त्याच सुमारास हॅलोजन दिवाही मिळाला. अमेरिकेत त्याचे पेटंट १९५९ सालचे. साध्या दिव्यातील तारेचा धातू उडून काचेवर काळा थर बसतो. हॅलोजन दिव्यातील वायू तो उडालेला धातू परत तारेवर आणून सोडतो, म्हणून एवढासा दिवाही शेवटपर्यंत स्वच्छ उजेड देतो.

आपल्याकडे महाविद्यालये, अध्यापक विद्यालये आणि प्रशिक्षण केंद्रे येथे पुढील काळात हे यंत्र चांगलेच रुळले. पारदर्शक पत्र्यांची चळत आणि रंगीत पेनांचा डबा घेऊन वर्गात शिरणारे प्राध्यापक अनेकींना आठवत असतील. मग संगणक आला. यातील मौज अशी की, ज्या पॉवरपॉइंटने या यंत्राला बाजूस सारले, तो १९८७ साली बाजारात आला तेव्हा त्याचे मुख्य काम याच प्रोजेक्टरसाठी पारदर्शक पत्रे तयार करणे हे होते! संगणकाचे चित्र थेट भिंतीवर पडू लागल्यावर जुनी यंत्रे माळ्यावर गेली आणि त्यांचे सुटे भाग दुकानांतून दिसेनासे झाले.

आता दुरुस्तीकडे वळते. आपले यंत्र का पेटेना, याचे वरवरचे उत्तर सोपे होते: दिव्याची तार तुटली होती. पण नवा दिवा घालण्यापूर्वी जुना का गेला हे पाहिले पाहिजे. आतला पंखा हाताने फिरवून पाहिला, तो धूळ आणि सुकलेले तेल यांनी घट्ट झाला होता. दिवा २५० वॅटचा, आणि त्याला वारा नाही. मग तो किती दिवस टिकणार? शिवाय अशा दिव्याचे आयुष्य मुळातच ५० ते ७५ तासांचे असते. पंखा सोडवून मऊ कुंचल्याने झाडला आणि त्याच्या दांड्याला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब दिले. ते तेल आपल्या शिवणवर्गातलेच. खोबरेल मात्र देऊ नये. ते थिजते आणि चिकट होते.

दिवा मिळविण्याची कथा निराळी. त्यावर किंवा यंत्राच्या झाकणाच्या आतील पट्टीवर तीन अक्षरांचा संकेत असतो. आपला ईएचजे, म्हणजे २४ व्होल्ट, २५० वॅट. मी एका दुकानात गेले तर दुकानदाराने ईव्हीडी हा ३६ व्होल्ट, ४०० वॅटचा दिवा पुढे केला. "बाई, पिना बसतात ना? मग चालेल. उजेड उलट जास्तच पडेल." पिना खरोखरच बसतात, दोन्हींचे बूड एकच. पण २४ व्होल्टवर तो दिवा मंद पिवळा जळेल, आणि उलट ३६ व्होल्टच्या यंत्रात २४ चा घातला तर भगभगून जळून जाईल. म्हणून व्होल्ट आधी, वॅट नंतर आणि पिना शेवटी, असा क्रम लक्षात ठेवावा. आमच्या गल्लीतील रेडिओ-दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितल्यावरून मी पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत चौकशी केली. 'प्रोजेक्टरचा दिवा' असे विचारले की सगळे नाही म्हणत. '२४ व्होल्ट, २५० वॅटचा हॅलोजन' असे म्हणताच एकाने खण उघडला. प्रोजेक्टर गेले तरी त्या मापाचा दिवा इतर उपकरणांना लागतो, म्हणून तो अजून मिळतो. मुंबईच्या भगिनींना लॅमिंग्टन रोडवर असाच शोध घेता येईल.

हा दिवा उघड्या बोटांनी धरू नये. बोटांवरील घाम व तेलकटपणा तापलेल्या काचेत पांढरा डाग पाडतो आणि तेथेच ती फुटते. स्वच्छ कापडात धरून बसवावा. बसविण्यापूर्वी प्लग काढलेला असावा आणि यंत्र पूर्ण निवालेले असावे. दिव्याची बैठक चिनी मातीची असते. तिची छिद्रे काळी पडली असतील तर बैठकच बदलावी, नाही तर नवे दिवे एकामागून एक जातील. तेथील वायरही ताप सहन करणारी, काचतंतूच्या वेष्टनाचीच हवी. झाकण उघडताच वीज तोडणारे एक छोटे बटण असते. ते बिघडले तर काही कारागीर त्याच्या तारा सरळ जोडून देतात. तसे करू देऊ नये. ते बटण आपल्या हातांच्या रक्षणासाठी आहे. घरगुती एलईडी दिवा मात्र येथे उपयोगी पडत नाही. या रचनेत उजेड एका लहानशा बिंदूतून यावा लागतो.

भिंगाचा पत्रा अॅक्रिलिकचा असल्याने त्यावर स्पिरिट किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रावण लावू नये, तडे जातात. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड पुरे. तो मोडला तर दुसऱ्या बंद यंत्रातून काढून घेणे हाच सोपा मार्ग. चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात असे यंत्र दिसले तर दिवा गेलेला असला तरी भिंग व आरसा यांसाठी ते घ्यावे. वरचा आरसा आपल्या ड्रेसिंग टेबलाच्या आरशासारखा नसतो. त्याचा चकाकणारा थर काचेच्या मागे नसून पुढे असतो. साधा आरसा बसविला तर भिंतीवर अक्षरे दुहेरी दिसतात. आणि मूळचा आरसा जोराने पुसला तर थरच निघतो. त्याला फक्त फुंकर आणि मऊ कुंचला.

भिंतीवर कोपरे तपकिरी किंवा निळसर दिसू लागले तर यंत्र बिघडले असे समजू नये. बाजूला दिवा थोडा वर-खाली करण्याचा खटका असतो. तो हलवून रंग जाईपर्यंत पाहावे. आणि एक इशारा: हे यंत्र उघडे, खिडकीच्या उन्हात ठेवू नये. ते भिंग ऊन एकत्र करून आतील प्लॅस्टिक किंवा जवळचे कापड जाळू शकते. ती जुनी चादर म्हणून फार उपयोगाची आहे.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? साक्षरता वर्गाकडे पाहा. फळ्यावर लिहिताना शिक्षिकेची पाठ वर्गाकडे असते आणि अक्षर तिच्या अंगाआड तयार होते. आमच्या वर्गातील एक आजी म्हणत, "बाई बाजूला होतात तेव्हा 'ळ' तयार झालेला असतो, तो कुठून सुरू झाला ते मला दिसतच नाही." संगणकाच्या पडद्यावरही बहुधा तयार अक्षरच येते. या काचेवर मात्र शिक्षिका वर्गाकडे तोंड करून बसते, तिचे पेन कोठे टेकले आणि कोणीकडे वळले हे भिंतीवर सर्वांना दिसते, आणि खोलीत उजेड असल्यामुळे त्याच वेळी वहीत गिरविता येते. त्या आजींना 'ळ' येथेच साधला. भरतकामाच्या वर्गात हातभर नक्षी चादरीवर मोठी करून आखावयाची असेल तर तीही याच्यावर अर्ध्या तासात होते.

सध्या आपले यंत्र चालू आहे. एक राखीव दिवा कपाटात ठेवला आहे, आणि दिव्याचा संकेत, पंख्याला तेल दिल्याची तारीख व दुकानाचा पत्ता एका वहीत लिहून ती यंत्राला बांधली आहे. तहकूब झालेला विषय पुढील सभेत पुन्हा येईल, तेव्हा भगिनींनी यंत्र चालू पाहून मग मत द्यावे, एवढीच विनंती. ज्यांच्या घरी किंवा ओळखीच्या शाळेत असे यंत्र माळ्यावर पडले असेल त्यांनी कळवावे. आपल्याला भिंग आणि आरसा राखीव हवा आहे. दोन तरुण सभासद भगिनी ही दुरुस्ती शिकावयास पुढे आल्या, तर दर शनिवारी वर्ग सुटल्यावर मी मंडळात असतेच.