फॉर्ममध्ये नसलेला पर्याय

गेल्या रविवारी कुरुळीला मित्राकडे गेलो होतो. पुणे-नाशिक हायवेवरचं, खेड तालुक्यातलं गाव, पुढे चाकण. मित्राचा पाच वर्षांचा मुलगा हाक मारली तरी बघत नव्हता, सायकलचं चाक फिरवण्यात गुंग होता. वहिनींनी फाइल दाखवली. सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहिलंय: ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता.

मला वाटलं, त्यात काय विशेष? पण घरी येऊन वाचायला बसलो, तर या एका शब्दामागे बराच इतिहास निघाला.

लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ऑटिझमचं वर्णन केलं १९४३ साली. आपल्याकडे अपंगांसाठीचा कायदा आला १९९५ मध्ये. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. ऑटिझम नव्हताच! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. ड्रॉपडाउनमध्ये आपला पर्याय नसला की माणूस त्यातल्या त्यात जवळचा निवडतो. कित्येक पालकांनी तेच केलं. सर्टिफिकेट हवं म्हणून मुलाच्या नावापुढे 'मतिमंद' लिहून घेतलं.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं, पण १९९५ ची यादी तशीच राहिली. २०१६ च्या नव्या कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले, तेव्हा कुठे त्यात ऑटिझम आला. कॅनरनंतर ७३ वर्षांनी!

फॉर्म सुधारला. अंतराचं काय? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. म्हणजे शंका गावात येते, पण थेरपीसाठी शहर गाठावं लागतं. वहिनी म्हणाल्या, "तासाभराच्या थेरपीला अख्खा दिवस जातो भाऊजी, आणि यांची हजेरी बुडते ती वेगळीच."

यावर एक प्रयोग आपल्या शेजारीच झालाय. गोव्यातली 'संगथ' संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, दोन्हीकडे मिळून ६५ मुलं. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळंच सुधारलं असं नाही. पण पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली.

कुरुळीसारख्या गावांना हेच हवंय. योग्य शब्द मिळायला ७३ वर्षं लागली. थेरपी गावात पोचायला तेवढी लागू नयेत. त्या पोराला पाच वर्षं आत्ताच पूर्ण झालीत.