हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

गिऱ्हाइकाची ठेव ती गिऱ्हाइकाची, एवढं तर आमच्या वाण्यालाही कळतं. बहामा बेटांवरच्या एफटीएक्स या आभासी चलनाच्या पेढीचा मालक सॅम बँकमन-फ्राइड मात्र पडला एमआयटीचा पदवीधर! त्याने लोकांची ठेव आपल्याच अलामेडा कंपनीच्या सट्ट्यात लावली, वर राजकारण्यांना देणग्या वाटल्या. खर्चाला मंजुरी? चॅटवर इमोजी टाकलं की झाली! नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळं वाजलं. सुमारे ८ अब्ज डॉलर बेपत्ता! ‘पण पैसे परत मिळणारच आहेत की!’ असा बचाव झाला. न्यायाधीश कॅप्लन म्हणाले, चोराने लूट लास व्हेगासच्या जुगारात लावली, जिंकला आणि परतफेड केली, तरी शिक्षेत सवलत नाही. मार्च २०२४ मध्ये २५ वर्षं ठोठावली. चोपडी लाल असो की कंप्यूटरची, जमेची नावं दुसऱ्यांची असतात, हे विसरलं की बाकी तुरुंगात निघते.