आजार, नवस आणि प्रारब्ध

दुर्धर आजारात श्रद्धेचा उपयोग होतो का, असे सरसकट विचारले तर उत्तर हाती लागत नाही. एकाच देव्हाऱ्यासमोर हात जोडणाऱ्या दोन रुग्णांपैकी एक निवांत असतो, दुसरा आतून धास्तावलेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी म्हणूनच श्रद्धा किती आहे हे मोजण्यापेक्षा संकटात ती कशी वापरली जाते, हे तपासले. त्यांच्या संक्षिप्त प्रश्नावलीत 14 विधाने आहेत. निम्मी आधाराची, निम्मी संघर्षाची: देवाने मला टाकले का, ही कशाची शिक्षा?

या संघर्षाची किंमत मोठी दिसते. पार्गमेंट व सहकाऱ्यांनी 55 किंवा त्याहून अधिक वयाच्या 596 रुग्णांचा सुमारे दोन वर्षे पाठपुरावा केला आणि 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. देवाशी असा झगडा असलेल्यांमध्ये, प्रकृतीतला फरक हिशेबात घेऊनही, मृत्यूचा धोका जास्त आढळला. हा सहसंबंध आहे. झगड्यानेच माणूस दगावला, असे त्यातून म्हणता येत नाही.

पण आधाराची बाजूही वाटते तितकी सरळ नाही. वाढलेल्या कर्करोगाच्या 345 रुग्णांच्या 2009 मधील अमेरिकी अभ्यासात, धर्माचा भरपूर आधार घेणाऱ्यांपैकी 13.6 टक्क्यांना अखेरच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे आक्रमक उपचार मिळाले. कमी आधार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4.2 टक्के होते. चमत्काराची आशा असेल तर देवाला वेळ द्यायला हवा, असा विचार त्यामागे असू शकतो. मनाला उभारी देणारी श्रद्धा शेवटचे दिवस अतिदक्षता विभागात घालवायलाही लावू शकते, आणि जगण्याच्या गुणवत्तेच्या हिशेबात या दोन्ही नोंदी धरायला हव्यात.

आपल्याकडे पार्गमेंट यांची ही मोजपट्टी आणखी अडखळते. प्रेम करणारा किंवा पाठ फिरवणारा व्यक्तिरूप देव तिने गृहीत धरला आहे. प्रारब्धात असा आरोपी नसतो. “भोग आहेत, भोगून संपवायचे,” असे म्हणणारा रुग्ण शांत झालेला असू शकतो किंवा स्वतःलाच दोष देत असू शकतो. त्यात घरच्यांची भर. केमोचे सलाईन चालू असलेल्या सुनेच्या कपाळाला अंगारा लावता लावता सासूबाई बोलून जातात, “लग्नानंतर कुलदैवताला जायचं राहिलं ना!” अंगारा मायेने लावलेला असतो आणि ठपकाही त्याच हाताने येतो. प्रश्नावलीत याला रकाना नाही.

नवसाचे तर वेगळेच. “बरी झाले की तुळजापूरला येऊन ओटी भरीन” या बोलण्यात पुढची एक तारीख असते, करण्यासारखे काही असते. म्हणून माझ्या मते नवस बऱ्याचदा गोळीइतका उपयोगी पडतो. मात्र तो करार आहे. आजार उलटला की करार कोणी मोडला हा प्रश्न उभा राहतो आणि कालचा आधार आजचा संघर्ष होतो. एकदाच प्रश्नावली भरून घेणाऱ्या अभ्यासाला हे वळण दिसणारच नाही.

उपचारांच्या जगाला ही वेदना ठाऊकच नाही, असे नाही. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, तेव्हा वेदनेच्या त्यांच्या व्याख्येत आध्यात्मिक वेदनाही होती. मुंबईत शांती आवेदना सदन हे हॉस्पिस 1986 मध्ये सुरू झाले. तरीही वॉर्डात दुखणे शून्य ते दहा आकड्यांत रोज विचारले जाते, आणि “हे तुम्हाला का झालं असं वाटतं?” हे क्वचितच. ते विचारावे नर्सने किंवा समुपदेशकाने, नातेवाईक चहाला खाली गेलेले असताना. सासूबाईंसमोर मिळणारे उत्तर निराळे असते.