तेरडा, कुर्डू आणि झेंडू : भिवंडी परिसरातील ऋतुपुष्पांच्या मांडणीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

‘पुष्परचना’ हा शब्द उच्चारला की आज जपानी इकेबाना किंवा दिवाणखान्यातील फुलदाणी डोळ्यांसमोर येते. मराठी घरात फुलांची मांडणी फुलदाणीत फारशी झाली नाही. ती देव्हाऱ्यात, दाराच्या चौकटीवर, अंबाड्यावर आणि गौरीच्या मखरात झाली. कला म्हणून ती कोणी शिकवली नाही, त्यामुळे कलेच्या इतिहासात तिची दखलही क्वचितच घेतली गेली. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्याकडे विधीचा एक तपशील म्हणून पाहिले, तर वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी फुलाची नोंद केली आणि ते आणणारा हात सोडून दिला.

प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसर समोर ठेवून या मांडणीचा सामाजिक इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी तीन फुले निवडली आहेत. तेरडा रानात उगवतो, कुर्डू शेतात उगवतो आणि झेंडू बागेत लावला जातो. ही फुले कोणत्या जमिनीवरून येत होती, ती कोण आणीत होते आणि त्यांवर हक्क कोणाचा होता, हे या लेखाचे प्रश्न आहेत. सणासुदीच्या फुलांची परंपरा ही मुळात सामायिक जमिनीची परंपरा आहे आणि ती जमीन आकसली की मांडणीचे रूप बदलते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भिवंडी शहर कामवारी नदीच्या काठी वसले आहे. दक्षिणेस उल्हास खाडी, उत्तरेस तानसा नदीचे खोरे आणि मध्ये भातशेती, माळ व डोंगरउतार अशी तालुक्याची रचना आहे. आगरी, कोळी, कुणबी, वारली, कातकरी, ठाकूर व मल्हार कोळी हे येथील जुने समाज होत. या भूमीवर देवपूजेसाठी तरतूद करण्याची रीतही जुनी आहे. शिलाहार राजा अपराजित याच्या इ.स. ९९७ च्या ताम्रपटात भादाणे हे गाव लोनाड येथील लोणादित्य या सूर्यदेवतेच्या पूजेसाठी दान दिल्याची नोंद आहे. भादाणे व लोनाड ही दोन्ही गावे आजच्या भिवंडी तालुक्यात आहेत. गंध, पुष्प, धूप, दीप व नैवेद्य हा पूजेचा क्रम त्या काळी सर्वत्र रूढ होता, हे ध्यानात घेता गावाच्या उत्पन्नातून देवाच्या फुलांचीही सोय होत असणार, असा तर्क करता येतो. पुढे १७३९ मध्ये वसईची मोहीम यशस्वी झाल्यानंतर चिमाजी अप्पांच्या नवसाचे म्हणून वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले आणि तानसेच्या खोऱ्यात यात्रेचे एक मोठे केंद्र निर्माण झाले.

फुलांचे हे जग एकाच धर्माचे नव्हते. भिवंडीत कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग आणले आणि विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. दर्ग्यावर चढणारी गुलाबाची चादर व नवरदेवाच्या मुखावरचा मोगऱ्याचा सेहरा यांनी शहरातील फुलबाजाराला वेगळी मागणी दिली. एकाच टोपलीतील मोगरा देवळाच्या हारात, दर्ग्याच्या चादरीत आणि गजऱ्यात जात असे. माळा गुंफण्यासाठी केळीचे सोपटही सर्वांना सारखेच उपयोगी पडे.

ऋतुचक्र व फुले

दुर्गा भागवत यांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथात महिन्यामहिन्याने बदलणारी सृष्टी टिपली. त्याच दृष्टीने भिवंडी परिसर पाहिला तर वर्षाचे पुष्पपंचांग सहज मांडता येते. शिशिर सरता सरता काटेसावर, पांगारा व पळस फुलतात. वैशाखात बहावा पिवळा होतो, परसातला मोगरा भरात येतो आणि पावसाच्या तोंडावर कुडा पांढरा होतो. आषाढ-श्रावणात डोंगरउतारावर रानहळदीचे तुरे दिसू लागतात. भाद्रपदात तेरडा आणि कळलावी, आश्विनात कुर्डू व झेंडू अशी ही साखळी पुढे सरकते.

या फुलांपैकी कोणते केव्हा आणायचे हे सणांनी ठरवून दिले होते. मंगळागौर व हरतालिकेची पत्री, गौरीचा तेरडा, दसऱ्याचे तोरण व आपटा या प्रत्येकाला ठरलेला काळ आणि ठरलेली जमीन होती. त्यामुळे मांडणी करणाऱ्या स्त्रीला रानाची ओळख असावी लागे, किंवा रानाची ओळख असणाऱ्या दुसऱ्या स्त्रीवर अवलंबून राहावे लागे. या अवलंबनातूनच शहर व पाडा यांच्यातील एक नाते घडले.

तेरडा : रानातील फूल

कोकणपट्टीतील अनेक घरांत गौर म्हणजे तेरड्याची रोपे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा तिचा तीन दिवसांचा मुक्काम असतो. रोपे मुळासकट उपटून आणण्याची रीत आहे, कारण मुळे ही गौरीची पावले मानली जातात. पाणवठ्यावरून जुडी घरी आणतात, तिला साडी नेसवतात, मुखवटा बसवतात आणि दागिने घालतात. कळलावीच्या लाल-पिवळ्या, ज्वालेसारख्या फुलांना कोकणात ‘गौरीचे हात’ असेही म्हणतात. अशा रीतीने रानातील झुडपांच्या जुडीतून देवीचा देह उभा राहतो. फुलांनी देवीला सजवणे आणि फुलांची देवी घडवणे यांतील हा फरक महत्त्वाचा आहे.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण चंचलपणाला उद्देशून वापरली जाते. गौरीच्या संदर्भात मात्र तिचा दुसरा अर्थ दिसतो. जे फूल तीन दिवस टिकते तेच तीन दिवसांच्या पाहुणीसाठी निवडले गेले. कोमेजणे हा येथे दोष ठरत नाही, तो विधीचाच भाग ठरतो.

रानातील वस्तूंची अशी मांडणी इतरत्रही आढळते. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातील फळे, फुले व वेली बांधतात. तिला माटोळी म्हणतात. माटोळी बांधणाऱ्याला रानाची ओळख असावी लागते. तेरड्याची गौर त्या मानाने साधी आहे, परंतु तिच्या मुळाशी असलेले ज्ञान त्याच जातीचे आहे.

कुर्डू : शेतातील फूल

कुर्डू हे भातशेतीच्या बांधावर व खाचरांच्या कडेला आपोआप उगवणारे तण आहे. कोवळेपणी त्याची भाजी होते आणि पुढे त्यालाच गुलाबी-पांढरे तुरे येतात. कोकणात आश्विनातील ‘नवे’ बांधताना भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू व कुर्डू यांची जुडी दाराला लावतात. पीक आणि तण एकाच दोऱ्यात गुंफणारी ही मांडणी कृषिजीवनाचे नेमके प्रतिबिंब आहे. या फुलाचे मोल कोणी केले नाही, तरीही त्याच्याशिवाय दाराची जुडी पुरी होत नसे.

झेंडू : बागेतील फूल

आज दसऱ्याचे तोरण झेंडूशिवाय कल्पिता येत नाही, परंतु झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे. तेथे मृतांच्या स्मरणाच्या सणात आजही त्याच्या राशी लागतात. पोर्तुगीज संपर्कातून तो भारतात आला, असे सामान्यतः मानले जाते. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा उत्तर कोकणाशी त्यांचा संबंध निकटचा होता. निशिगंध, गुलबक्षी व देवचाफा हीसुद्धा अमेरिका खंडातून आलेली फुले आहेत. दुसऱ्या बाजूने, येथील फुलांची ओळख युरोपलाही झाली. मुंबई बेट काही काळ भाडेपट्ट्याने ज्याच्याकडे होते, त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात पारिजातकावर स्वतंत्र प्रकरण आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपली पुष्पपरंपरा कधीच बंदिस्त नव्हती. तिने परकी फुले मोकळेपणाने आपलीशी केली. म्हणून आज तेरड्याची चिंता करताना ‘शुद्ध परंपरा’ नष्ट होत असल्याची तक्रार करणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रश्न नवे फूल आल्याचा नसून जुन्या फुलाची जमीन गेल्याचा आहे.

फूल कोणाचे? : वनकायद्यांचा परिणाम

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील फुलांची शास्त्रीय नोंद सुरू झाली. डॅल्झेल व गिब्सन यांचा इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात त्याहून विस्तृत सूची तयार केली. यांपैकी अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ पासून इलाख्याचे वनसंरक्षक होते. फुलांची यादी करणे आणि जंगलाला सरकारी व्यवस्थेखाली आणणे ही दोन कामे एकाच व्यक्तीच्या हातून झाली, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

१८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यास फांद्या तोडण्याचा प्रश्न त्यात प्रमुख होता. त्यासाठी सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. १८९२ च्या कायद्याने तर मोहाच्या फुलांचा संग्रह व विक्री यांवर नियंत्रण आणले, कारण त्यांपासून गाळल्या जाणाऱ्या दारूवर सरकारला महसूल हवा होता. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ‘वनोपज’ या संज्ञेची व्याख्या केली. तीत जंगलात आढळणाऱ्या किंवा तेथून आणलेल्या पाने, फुले व फळे यांचाही समावेश झाला.

गौरीच्या जुडीसाठी कोणा स्त्रीवर खटला भरला गेला, असे येथे सुचवायचे नाही. तरीही कायद्याच्या भाषेत डोंगरावरचे फूल आता कोणाची तरी मालमत्ता झाले होते. जे हक्काने आणले जात होते ते यापुढे मुभेने आणले जाऊ लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींचा हक्क मान्य केला. गौण वनोपजाची चर्चा बहुधा तेंदूपाने, बांबू व मोह यांपाशीच थांबते, सणाची फुले व पत्री तिच्यात क्वचितच येतात.

बाजार व गोदामे

ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रिया भाद्रपदात तेरड्याच्या जुड्या व पत्री आणि आश्विनात आपट्याच्या डहाळ्या घेऊन शहरांच्या बाजारांत व रेल्वे स्थानकांबाहेर बसतात. मुंबईत दादरचा फुलबाजार हे त्याचे मोठे केंद्र आहे. ही विक्री दोन-चार दिवसांची असते. माल त्याच दिवशी विकला गेला नाही तर तो कचरा होतो, म्हणून संध्याकाळी पडेल त्या भावाने जुडी द्यावी लागते. ‘रानातून फुकट तर आणले’ असे म्हणून ग्राहक घासाघीस करतो. रान ओळखण्याचे ज्ञान, पहाटेची पायपीट आणि डोक्यावरचा भारा यांची किंमत त्या हिशेबात धरली जात नाही.

गेल्या काही दशकांत भिवंडीचे रूप पालटले आहे. मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास आणि मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडा या गावांच्या परिसरात गोदामांचे विस्तीर्ण जाळे पसरले. शेतकऱ्यांना त्यातून उत्पन्न मिळाले आणि अनेकांना रोजगारही मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु भराव घालून सपाट केलेल्या जमिनीवर खाचराची कड उरत नाही, म्हणून कुर्डू उरत नाही. डोंगराचा पायथा खोदला गेला की तेरड्याचा उतारही जातो. तेरड्याची शेंग पिकल्यावर स्पर्श होताच फुटते व बी दूर फेकते. त्यामुळे काही रोपे उपटली तरी पुढील वर्षी उतार पुन्हा गुलाबी होतो. ही वनस्पती तोडणी सोसते, भराव सोसत नाही.

याचा परिणाम मांडणीवर दिसतो. अनेक घरांत तेरड्याच्या जुडीऐवजी धातूचे वा लाकडाचे उभे सांगाडे आले, प्लास्टिकची फुले आली. आपट्याच्या नावाने कांचनाची पाने विकली जातात आणि ग्राहकाला फरक कळत नाही. वस्तू बदलली हे गौण आहे. ती ओळखणारी नजर शहरातून नाहीशी झाली, ही अधिक गंभीर बाब आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. (१) भिवंडी परिसरातील ऋतुपुष्पांची मांडणी ही रान, शेत व बाग या तीन जमिनींच्या मेळातून घडली. (२) या परंपरेने परकी फुले सहज स्वीकारली, त्यामुळे बदल हा तिचा शत्रू नाही. (३) वनकायद्यांनी फुलाचे स्वरूप सामायिक वस्तूकडून मालमत्तेकडे नेले आणि अलीकडच्या भूवापराने त्याची जागाच काढून घेतली. (४) या परंपरेचे ज्ञान प्रामुख्याने आदिवासी व शेतकरी स्त्रियांकडे आहे, परंतु त्यांची गणना फेरीवाल्यांत होते, जाणकारांत होत नाही.

या दृष्टीने काही गोष्टी करण्याजोग्या आहेत. सामूहिक वनहक्कांच्या व्यवस्थापन आराखड्यांत सणाच्या फुलांचा व पत्रीचा समावेश व्हावा. बाजार समित्यांनी व नगरपालिकांनी सणाच्या दिवसांत या स्त्रियांना बसण्याची हक्काची जागा द्यावी. महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन गावोगावच्या पुष्पपंचांगाची नोंद त्या स्त्रियांच्याच तोंडून करून घ्यावी. गौर तीन दिवसांनी परत जाते, ती पुढच्या वर्षी येणार हे गृहीत धरून. ते गृहीत खरे ठरण्यासाठी गावाबाहेर तेरड्याचा एखादा उतार शिल्लक राहिला पाहिजे.