संख्येमागचा माणूस



आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर हिटलरचे आत्मचरित्र मराठीत सहज मिळते. वक्तृत्व स्पर्धेत त्याच्या शिस्तीचे गोडवे गाणारा एखादा विद्यार्थीही आपण ऐकला असेल. त्या शिस्तीखाली जे चिरडले गेले, त्यांचे लेखन मात्र अशा विद्यार्थ्याच्या हाती सहसा पडत नाही. एकच बाजू वाचून इतिहास समजेल काय?

नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली, हे क्रमिक पुस्तकात असते. आकडा पाठ होतो, गुणही मिळतात. परंतु एवढ्या अत्याचाराला सुरुवात कशी झाली, हे आकडा सांगत नाही. ते जिवंत राहिलेल्यांच्या आठवणी सांगतात.

प्रिमो लेव्ही यांचेच उदाहरण घ्या. इटलीतील तुरीन शहरी १९१९ साली त्यांचा जन्म झाला. ते रसायनशास्त्र शिकत असताना १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशविषयक कायदे केले आणि ज्यू मुलांना व शिक्षकांना सरकारी शाळांची दारे बंद झाली. आधीच विद्यापीठात असलेल्यांना शिक्षण पुरे करण्याची मुभा होती. म्हणून लेव्ही १९४१ साली उत्तम गुणांनी पदवीधर झाले. पण पदवीपत्रावर ‘ज्यू वंशाचा’ असा शेरा होता! शिक्षणाशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. प्रारंभ शाळेच्या दाराशी आणि एका कागदावर झाला होता.

डिसेंबर १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ६५० जणांसह मालगाडीच्या डब्यांतून त्यांना आउशवित्झच्या छळछावणीत नेण्यात आले. हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला. नाव संपले, संख्या उरली.

आपल्याला थबकविणारी एक गोष्ट त्यांच्या आठवणींत आहे. उपासमारीने खंगलेल्या, मरणाच्या वाटेवरच्या कैद्याला छावणीच्या बोलीत ‘मुसलमान’ म्हणत. जुने कैदी हा शब्द का वापरीत, हे आपल्याला ठाऊक नाही, असे लेव्हीच लिहितात. आपले नाव तेथे वाचून मनाला लागते. पण म्हणून पुस्तक मिटू नये. एखाद्या समाजाचे नाव परक्याच्या तोंडी किती सहज हिणकस अर्थाने रुळते, हे तेथे कळते. आपणही कोणाचे नाव असे वापरतो काय, हे ज्याने त्याने तपासावे.

त्याच आठवणींत लोरेन्झो नावाचा एक इटालियन गवंडी भेटतो. तो कैदी नव्हता. कामावर आलेला मजूर होता. सहा महिने तो रोज पाव आणि आपल्या वाट्याचे उरलेले सूप लेव्हींना लपून देत राहिला. मोबदला घेतला नाही. पुढे लेव्हींनी आपल्या दोन्ही मुलांच्या नावांत त्याचे नाव गुंफले.

१९४५ साली सुटका झाल्यावर लेव्हींनी हे सारे लिहून काढले. मोठ्या प्रकाशकाने नाकारलेले ते पुस्तक १९४७ साली एका लहान प्रकाशकाने अवघ्या २,५०० प्रतींत छापले. १९५८ साली ते पुन्हा निघाले आणि मग जगभर पोचले.

लेव्ही १९८७ साली वारले. जे साक्षीदार आज हयात आहेत, तेही वयोवृद्ध आहेत. उद्या त्यांचे लेखनच साक्ष देईल. शिक्षकांनी वर्षातून एक तास अशा आठवणींच्या वाचनासाठी राखून ठेवावा. तो तास ऐकलेला विद्यार्थी शिस्तीचे गोडवे गाण्यापूर्वी ती शिस्त कोणावर चालली, हे विचारील. इतिहासाच्या अभ्यासाकडून आणखी काय हवे?