जुन्या सोन्याच्या नाण्यावरील व्यंगे आणि खऱ्याखोट्याची पारख

जीर्णोद्धारासाठी जुन्या देवळाचे जोते उकलले की गावात पहिली चर्चा होते ती मोहरांच्या हंड्याची. हंडा निघो अथवा न निघो, एखादे जुने नाणे पुष्कळ घरांत देव्हाऱ्यात जपून ठेवलेले असते. ते पाहून कोणी तरी शेरा मारतो, "कडा फाटली आहे, छाप वाकडा आहे, बनावट दिसते." अशा शेऱ्यापायी अस्सल नाणे मुशीत जाते आणि चकचकीत खोटे नाणे पूजेला लागते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहे.

आपला परभणीचा मुलूख देवगिरीच्या यादवांच्या अमलात होता. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची देवळे त्या काळाची साक्ष देतात. सिंघण, कृष्ण, महादेव व रामचंद्र या यादव राजांची सोन्याची नाणी 'पद्मटंक' म्हणून ओळखली जातात. वजन सुमारे ३.८ ग्रॅम. हे नाणे एका ठशात पाडलेले नाही. सोन्याच्या वाटोळ्या चकतीवर मध्यभागी कमळ, भोवती 'श्री', राजाचे नाव, शंख असे निरनिराळे ठसे हातोड्याने एकेक करून ठोकीत. त्या माराने चकती बशीसारखी खोलगट होई, एक ठसा दुसऱ्यावर चढे, क्वचित कडेला चीर जाई. मागची बाजू कोरीच असे. ती झिजली असे समजू नये. आपण ज्याला व्यंग म्हणतो ती त्या नाण्याची घडणच होय.

उलट निजामाची चारमिनार छापाची अशरफी पाहावी. ती विसाव्या शतकात यंत्रावर पाडलेली. तिची कडा वेडीवाकडी किंवा छाप सरकलेला असेल तर मात्र शंका घ्यावी. तात्पर्य, नाणे कोणत्या काळाचे व कोणत्या रीतीने पाडलेले हे आधी ठरवावे, दोषाचा विचार मागाहून.

ओतीव नाण्याची व्यंगे वेगळी असतात. अस्सल नाण्यावरून साचा घेऊन रस ओतला की हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे राहतात, अक्षरांच्या धारा साबणाच्या वडीसारख्या बोथट होतात आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ दिसते. भिंगातून हे कळते. दुसरी खूण अधिक पक्की. दोन नाण्यांवर तीच चीर, तोच ओरखडा, त्याच जागी असेल तर दोन्ही संशयास्पद; हाताने ठोकलेली दोन नाणी तंतोतंत एकसारखी फुटत नाहीत. पूर्वीच्या सराफाने पारखताना मारलेला टाचा किंवा माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीच्या डाखाचा डाग, यांनी किंमत उतरते, पण नाणे खोटे ठरत नाही. मातीतला तांबूस डागही तसाच. आणि सोने गंजत नसल्याने केवळ लखलखते म्हणूनही नाणे नवे ठरत नाही.

सोनाराची कसोटी धातू सांगते, वय सांगत नाही. खऱ्या सोन्याचेही खोटे नाणे करता येते. वजनाची परीक्षा मात्र अवश्य करावी. शुद्ध सोन्याचे ३.८ ग्रॅमचे नाणे पाण्यात बुडवून तोलले तर सुमारे ०.२ ग्रॅम कमी भरते. तेवढ्याच वजनाचे पितळ सुमारे ०.४५ ग्रॅम. सर्वांत अधिक फसवणूक होते ती शिवरायांच्या सोन्याच्या होनाच्या नावाखाली. तांब्याची शिवराई पुष्कळ सापडते, सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे. तो कोणी स्वस्तात देऊ लागला तर भिंगाचीही गरज नाही.

आता कचेरीतला माणूस म्हणून एक सांगतो. जमिनीत दडलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, किती, कोठे व कोणत्या तारखेस, हे लिहावे, आणि ऐवज जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करावा किंवा मागणी होताच हजर करण्याबद्दल जामीन द्यावा. सरकार सगळे हडप करते ही भीती निराधार आहे. धनाचा पूर्वीचा मालक ठरला नाही तर सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागामालकास एक चतुर्थांश, अशी वाटणी कायद्यातच आहे. सरकारने ते स्वतःकडे घेतले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. लपविल्यास मात्र हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. नाणे दाखवायला नेताना चिंच किंवा राख लावून घासू नये. माती असेल तशी राहू द्यावी, पारखणाऱ्याला तीही पाहायची असते.