सुहेली : मुंबईत बांधलेल्या होडीची पृथ्वीप्रदक्षिणा



परगावी जायचं म्हटलं की आपण आदल्या रात्री गाठोडं बांधून ठेवतो. त्यातून काही राहिलंच, तर वाटेत बाजार असतो, एखादं ओळखीचं घर असतं. पण ज्या वाटेवर दहा महिने बाजार नाही, विहीर नाही, सुतार-लोहार नाही आणि हाकेला ओ देणारा माणूसही नाही, त्या वाटेची तयारी कशी करायची? शिडाच्या लहान होडीतून महासागर ओलांडणाऱ्यांपुढे हा प्रश्न असतो. १९६८-६९ साली या प्रश्नाची मोठी कठीण परीक्षा झाली. परीक्षेला नऊ जण बसले आणि एकच उत्तीर्ण झाला. त्याची होडी आपल्या मुंबईत बांधलेली होती. तिची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी. १९६३ साली त्याने मुंबईत होडी बांधायला घातली. नकाशा जुन्या चालीचा होता, उत्तरेकडच्या वादळी समुद्रातल्या नॉर्वेच्या होड्यांवरून घेतलेला. दोन्ही टोकं निमुळती, पठाण म्हणजे खालचा कणा लांबलचक, आणि डोलकाठ्या दोन. लाकूड मात्र आपलं सागवान. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने फळ्या तासल्या, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोकं पाडली, आणि डिसेंबर १९६४ मध्ये होडी पाण्यात उतरली. लांबी बत्तीस फूट, म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीहून थोडी आखूडच. नाव ठेवलं ‘सुहेली’. इराणी आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला या नावाने ओळखतात.

१९६५ च्या डिसेंबरात भाऊ आणि एक मित्र यांना बरोबर घेऊन त्याने मुंबई सोडली, आणि आफ्रिकेला वळसा घालून १९६७ साली तो इंग्लंडला पोहोचला. या प्रवासात होडीचे गुण त्याला कळले, तसे तिचे दोषही कळले. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणं तेव्हा नवं राहिलं नव्हतं. अमेरिकेच्या जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात ती केली होती, पण बंदरं घेत घेत. कुठेही न थांबता कोणी केली नव्हती. १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने त्यासाठी स्पर्धा जाहीर केली. निघायचं १ जून ते ३१ ऑक्टोबर या दरम्यान. वाटेत बंदर घ्यायचं नाही आणि कोणाकडून काडीचीही मदत घ्यायची नाही. १४ जूनला सुहेली इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाली.

आता तिच्या सामानाकडे पाहू. पहिली गोष्ट पाणी. माणशी दिवसाला तीन लिटर धरलं, तर ३१२ दिवसांचं ९३६ लिटर झालं, म्हणजे जवळजवळ एक टन वजन! एवढं ओझं लहान होडीला जड जातं. म्हणून टाक्या भरून घ्यायच्या आणि पावसाचं पाणीही धरायचं. दक्षिणेच्या समुद्रात सप्टेंबर महिन्यात एका प्रचंड लाटेने सुहेली आडवी केली. पुढे पाहतो तर टाक्यांतलं पाणी नासलेलं. पण वेगळ्या डब्यांतून थोडं पाणी राखून ठेवलेलं होतं, आणि शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी भांड्यात धरायची तजवीजही होती. आपल्याकडे पागोळ्यांखाली घागर लावतात ना, तसंच हे. तेवढ्यावर त्याने तहान भागवली.

दुसरी गोष्ट होडीचं अंग. निघून फार दिवस झाले नव्हते तोच अटलांटिक महासागरात पठाणाजवळच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन स्वतः पाण्यात उतरला, बुडी मारून फटीत कापूस ठासला आणि त्यावर किरमिजाची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली. मध्येच एक शार्क मासा भोवती घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. किरमिजाच्या वर तांब्याचा पत्रा बसवला. तो पत्रा कुठला? रेडिओ बसवणाऱ्यांनी काम झाल्यावर मागे टाकलेला तुकडा! होडी लाकडाची होती म्हणून खिळा आणि हातोडा पुरला.

तिसरी गोष्ट सुकाणू. माणसाला झोप लागतेच, मग सुकाणू कोणी धरायचं? त्यासाठी वाऱ्याच्या दिशेवर चालणारं एक साधन मागे लावलेलं असतं. सुहेलीवरचं हे साधन ऑस्ट्रेलियाजवळ कायमचं मोडलं. अजून निम्म्याहून अधिक वाट बाकी होती. त्याने सुकाणूचा दांडा दोरीने बांधला, शिडं कमीजास्त ताणून त्यांचा तोल साधला आणि होडी आपल्या आपण सरळ चालू लागली. लांब पठाणाचा हा गुण, आणि इंग्लंडला येताना होडीशी जमलेल्या ओळखीचाही.

चौथी गोष्ट रेडिओ. तो बंद पडला. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ लोकांनी त्याला पाहिलं, त्यानंतर एप्रिलपर्यंत त्याची काही खबर नाही. मधल्या काळात तो केप हॉर्नचं भूशिर ओलांडून अटलांटिकमध्ये आला होता. सूर्याची उंची मोजायचं सेक्स्टंट, घड्याळ आणि तक्ते एवढ्यावर तो आपली जागा काढत होता. फाटलेली शिडं शिवत होता. एकदा तर शिवता शिवता स्वतःची मिशीच शिडाला टाचून बसला! २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ व्या दिवशी, तो फालमथला परत आला.

मंडळी, आता दुसरी बाजू पाहा. याच स्पर्धेत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा गृहस्थ होता, विद्युत-उपकरणांचा जाणकार. त्याची होडी नव्या धर्तीची आणि वेगवान. ती उलटली तर आपोआप सरळ व्हावी अशी युक्ती त्याने योजली होती. पण घाई झाली. शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, तो निघाला तेव्हा त्या युक्तीच्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या, आणि सुट्या भागांचा ढीग किनाऱ्यावरच राहिला होता. होडीत पाणी शिरू लागलं. परत फिरावं तर कर्ज आणि अब्रू यांची धास्ती. तो अटलांटिकमध्येच रेंगाळला आणि खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची होडी रिकामी तरंगताना सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले.

यावरून नवी साधनं वाईट आणि जुनी चांगली, असं मात्र म्हणू नका. २०१८ साली याच स्पर्धेची आठवण म्हणून नवी स्पर्धा झाली. तीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘थुरिया’ नावाच्या होडीतून उतरले. ही होडी सुहेलीच्या नमुन्यावरच गोव्यात बांधली होती. हिंदी महासागराच्या दक्षिणेस वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तिथे हातोडा-खिळा काय करणार? उपग्रहामार्फत संदेश पाठवायचं लहानसं यंत्र हाताशी होतं, त्यावरून त्यांनी हाक दिली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

तेव्हा साधन जुनं की नवं, हा मुद्दाच नाही. ते मोडलं तर मला दुरुस्त करता येईल का? नाही करता आलं, तर त्यावाचून चालवण्याची दुसरी वाट मी आधी शोधून ठेवली आहे का? दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने प्रत्येक वस्तूला हे दोन प्रश्न विचारायचे असतात. सुहेलीवर जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोडली, पण प्रत्येकीला दुसरी वाट होती. क्रोहर्स्टकडे वस्तू पुष्कळ होत्या, पण त्या पुऱ्या करायला आणि त्यांची पारख करायला वेळ राहिला नव्हता.

गुरुजनांना एक विनंती आहे. वर्गात पृथ्वीचा गोल असेल, तर मुलांना त्यावर फालमथपासून ही वाट बोटाने काढायला सांगा. मग पाटीवर यादी करायला सांगा : पाणी किती, धान्य किती, दोर किती. आणि प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना मोकळा ठेवायला सांगा, ‘हे मोडलं तर?’ त्या रकान्यात मुलं काय लिहितात, ते जरूर पाहा.